पीसी गेमिंगचं तेरावं

दर चार-पाच वर्षांनी कोणीतरी पीसी गेमिंग मेल्याचं जाहीर करतं आणि बाकीचे लगेच तेराव्याच्या जेवणाला बसतात. परवा हापिसात जेवताना विषय पुन्हा निघाला. मुद्दा नेहमीचाच: "एका ग्राफिक्स कार्डाच्या पैशात अख्खं प्लेस्टेशन येतं, मग पीसी घेईल कोण?" प्रश्न रास्त आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही, म्हणून हा शनिवारचा उद्योग.

आधी मान्य करायचं ते मान्य करू. एकेकाळी पेशंटची तब्येत खरंच तोळामासा होती. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला, २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि वी. 'गिअर्स ऑफ वॉर'चा पहिला भाग पीसीवर आला, पण २००८ चा दुसरा भाग फक्त एक्सबॉक्सवर. त्याच वर्षी 'क्रायसिस' काढणाऱ्या क्रायटेकच्या प्रमुखांनी सांगून टाकलं की पायरसीमुळे आता फक्त पीसीसाठी गेम काढणं परवडत नाही. पायरसी होतीच हो. लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून कोणी कोणी सीड्या आणल्या, हात वर करू नका, कळलं :)

पण कंपन्यांनी दिलेलं औषध रोगापेक्षा जालीम होतं. २००८ चा 'स्पोर' विकत घेतलात तर तो सुरुवातीला तीनच वेळा ॲक्टिव्हेट करता यायचा. २०१० मध्ये युबिसॉफ्टने गेम खेळताना सतत इंटरनेट लागेल अशी अट घातली, आणि त्यांचे सर्व्हर बसले तेव्हा अडकले कोण? पैसे मोजणारे.

मग पेशंट वाचला कसा? दुकानातली खोकी कमी झाली, पण लोक तोवर डाउनलोडकडे वळले होते. व्हॉल्व्हने २००३ मध्ये स्टीम सुरू केलं. चोरीपेक्षा विकत घेणं सोपं केलं, सेलमध्ये किमती पाडल्या, आणि गिऱ्हाईक परत आलं. २०२५ च्या मार्चमध्ये स्टीमवर एकाच वेळी ४ कोटींहून जास्त लोक हजर होते. ज्या 'हेलो'च्या जोरावर २००१ मध्ये पहिला एक्सबॉक्स विकला गेला, त्या मालिकेचा संग्रह २०१९ मध्ये स्टीमवर आला. सोनीनेही २०२० मध्ये 'होरायझन झिरो डॉन' आणि २०२२ मध्ये 'गॉड ऑफ वॉर' पीसीवर आणला. मयताच्या घरी कोणी दुकान थाटत नाही.

पण विक्रीचे आकडे हा माझा मुद्दाच नाही. कन्सोल ही एका कंपनीची वस्तू आहे. त्यावर काय चालेल आणि काय नाही, ते कंपनी ठरवते. पीसीला असा मालक नाही. 'काउंटर-स्ट्राइक' १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ'चा मॉड म्हणून जन्माला आला. 'डोटा' म्हणजे 'वॉरक्राफ्ट ३'वर हौशी लोकांनी केलेला नकाशा. 'पबजी'चं मूळ 'आर्मा'च्या मॉडमध्ये. 'माइनक्राफ्ट' २००९ मध्ये एका माणसाने जावामध्ये लिहून लोकांपुढे टाकला. ठोकळे फोडा, ठोकळे रचा, बाकी काही उद्देश नाही, ही कल्पना कुठल्या मीटिंगमध्ये पास झाली असती, सांगा बरं? यातल्या एकालाही कोणाची परवानगी मागावी लागली नाही. आज कन्सोलवर आणि फोनवर जे खेळतात, त्यातलं बरंचसं आधी पीसीच्या परसात उगवलेलं आहे.

कन्सोलवाल्यांचंही खरं आहे म्हणा. रात्री आठला घरी आल्यावर ड्रायव्हर अपडेट करत बसायची माझीही तयारी नसते. कन्सोल लावलं की चालतं, आणि सहा-सात वर्षं नवं काही घ्यावं लागत नाही. मोठ्या बजेटच्या गेम्समध्ये पीसीला कित्येकदा दुसऱ्या पंगतीत बसावं लागतं. 'जीटीए ५' कन्सोलवर २०१३ मध्ये आला, पीसीवर २०१५ मध्ये. चालायचंच.

मला काळजी वाटते ती वेगळीच. २०१७ मध्ये वरच्या पायरीचं जीटीएक्स १०८० टीआय हे कार्ड ६९९ डॉलरला निघालं, २०२५ चं आरटीएक्स ५०९० हे १,९९९ डॉलरला. आधी क्रिप्टोवाल्यांनी कार्डं पळवली, आता एआयची डेटा सेंटर्स पळवतायत. २०२५ च्या शेवटी रॅमही भडकली. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय पोराला यात वाव कुठे? तो फोनवर खेळतो. पबजी मोबाइल २०१८ मध्ये आला, २०२० मध्ये त्यावर बंदी आली, २०२१ मध्ये तो बीजीएमआय होऊन परतला, पोरं परत हजर. खेळू देत, त्यात गैर काही नाही. पण फोनवर गेमच्या फाइल्स उघडून नकाशा बदलून बघता येत नाही. गेम चालेना म्हणून रॅम काढून पुसून परत बसवता येत नाही. आपल्या धंद्यातले कितीतरी लोक याच उचापतीतून प्रोग्रॅमिंगकडे आले. ऱ्हास होत असेल तर तो या उचापतीचा. प्लेस्टेशनची विक्री मोजून तो कळणार नाही.

यावर निव्हिडियाचे दर उतरायची वाट बघत बसायची गरज नाही. 'माइनक्राफ्ट'ला महागडं कार्ड लागत नाही, आणि जुन्या 'वॉरक्राफ्ट ३'बरोबर नकाशे बनवायचा एडिटर फुकटच येतो. तेव्हा माळ्यावर जुना पीसी पडला असेल तर भंगारवाल्याला चारशे रुपयांत देऊ नका. भाच्याला द्या, आणि सोबत एक स्क्रू-ड्रायव्हर द्या. मोडला तर मोडला.