आधी आडनाव, मग भाडे

मलकापूरहून येऊन रंकाळ्याच्या काठी खोली शोधताना भाड्याआधी आडनाव विचारले गेले. मग 'खाण्यापिण्याचं कसं?' अनामत मात्र रोख, पावतीशिवाय. सोबत वडील होते, शाळेची पायरी न चढलेले. त्यांनी मालकांना दोनदा नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून सलतो. आम्ही उपकार मागत नव्हतो. लेखी, नोंदणीकृत करार करणे ही १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकाचीच जबाबदारी ठरवली आहे. याच शहरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना आश्रय दिला. ती बहुतेक जातवार होती, हे खरे. पण दार उघडण्यासाठी होती! प्राध्यापकांना विनंती, प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजने भाडे-अनामतीसह खोल्यांची यादी फलकावर लावावी. येत्या जूनमध्ये माझी धाकटी बहीण येणार आहे.