प्रतीक्षायादीत उभी केलेली खेडी

जवाहर नवोदय विद्यालयांचा आरंभ १९८५-८६ साली अमरावती व झज्जर येथे झाला. ग्रामीण भागातील हुशार मुलांना मोफत निवासी शिक्षण, ही घोषणा आकर्षक होती. परंतु एका विद्यालयात सहावीच्या जागा किती? फार तर ८०! त्यांतील किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी आहेत, हे मान्य. तथापि बाकीच्यांना दाराबाहेर ठेवते ती गुणवत्ता नव्हे, टंचाई. आणि ही टंचाई शासननिर्मित आहे.

सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. म्हणून प्रतीक्षायादी हीच अनेकांची अखेरची आशा. वरच्या कोणी जागा सोडली आणि ऐन वेळी रहिवासाचा, ग्रामीण शाळेत शिकल्याचा वा जातीचा दाखला हाती नसला, तर शेतमजुराच्या मुलाची आलेली संधीही निसटते. दाखल्यांसाठीच्या खेपांत बुडालेली मजुरी कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदली जात नाही.

कार्यकर्त्यांनी निकालापूर्वीच वस्त्यावस्त्यांवर जाऊन दाखले काढून द्यावेत. क्रमवार प्रतीक्षायादी आणि रिकामी झालेली प्रत्येक जागा ग्रामपंचायतीच्या फलकावर जाहीर झालीच पाहिजे, असा आग्रह धरावा.

पण एवढ्यावर समाधान मानणे ही आत्मवंचना ठरेल. कोठारी आयोगाने १९६६ साली परिसरशाळेची शिफारस केली होती. ती बाजूला सारून मूठभरांसाठी बेटे उभारणाऱ्यांनी अवघ्या खेड्यांनाच प्रतीक्षायादीत उभे केले आहे. ती यादीच मोडून काढणे, हा आपला लढा आहे.