माल अडतो तो सांध्यावर

मैत्रिणींनो, आमच्या दर्यापूरला बनोसा स्टेशनावरून ‘शकुंतला’ जायची. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी ही लाईन टाकली. अचलपूर ते मूर्तिजापूर ७६ किलोमीटर, पण रूळ अडीच फुटी. मूर्तिजापूरला मुंबईची मोठी लाईन लागली की छोट्या डब्यातला माल उतरवून मोठ्या डब्यात चढवणे आलेच. घरगुती धंद्यातही माल वाटेत फारसा अडत नाही, अडतो तो सांध्यावर. हे मला कळले, पण चांगला चटका बसल्यावर!

आम्ही पाचजणींनी मिळून उडदाचे पापड सुरू केले. शाळा माझी अर्धवेळ, तेव्हा खरेदी आणि हिशेब माझ्याकडे. स्वस्त मिळाली म्हणून मृगाच्या तोंडावर क्विंटलभर डाळ घेतली आणि हौसेने सगळी एकदम दळून आणली. मग पाऊस लागून बसला. पापड वाळेनात, पिठाला जाळी धरली. जे पापड तयार होते ते बाहेरगावच्या एका दुकानात दिले, तर पैसे महिन्याने मिळतील असे कळले. आधी विचारलेच नव्हते! शेजारच्या वहिनी संध्याकाळी दारात येऊन हळूच म्हणाल्या, “बाई, मजुरीचं जमेल का? पोरीच्या कॉलेजची फी भरायची आहे.” माझ्याजवळ डाळ होती, पीठ होते, पापड होते, पैसे तेवढे नव्हते. शेवटी माझ्या पगारातून दिले, पण मान खाली गेली.

आता ‘लिज्जत’चे पहा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन एका गच्चीवर सुरुवात केली. पहिल्या पावसाळ्यात त्यांचेही काम चार महिने बंद पडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि स्टो घेतला. वर पापड, खाली स्टो, झाले वाळवण! पुढे व्यवस्था बसली ती अशी: भगिनींनी शाखेतून मळलेले पीठ घरी न्यायचे, लाटून वाळवायचे, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे, तिथेच मजुरी घ्यायची आणि नवे पीठ न्यायचे. माल, मोजमाप आणि पैसा एकाच जागी हातोहात फिरतो. सांधा उघडा राहतच नाही.

आम्ही मग तीन नियम केले. तुमचे मसाले असोत की शिवणकाम, उपयोगी पडतील.

पहिला, हिशेब उलटा करा. आधी आठवड्याला किती खपते ते पहा, त्यावरून पीठ, पिठावरून डाळ. फार तर आणखी आठवड्याची डाळ जवळ ठेवा. दळण मात्र लागेल तेवढेच. स्वस्ताईने घेतलेला माल पडून राहिला तर तो महागच पडतो, बरं का!

दुसरा, माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दोघींसमोर वजन आणि वहीत दोघींची सही. घरच्यासारख्या असलो तरीही! रुसवे-फुगवे त्यानेच टळतात.

तिसरा, दुकानदार पैसे किती दिवसांनी देणार ते माल देण्यापूर्वी विचारा. समजा रोज दहा किलो पापड लाटले आणि किलोला पन्नास रुपये मजुरी धरली, तर रोजचे पाचशे. पैसे पंधरा दिवसांनी येणार असतील तर मजुरीचेच साडेसात हजार आधी हाताशी हवेत. ते वेगळ्या डब्यात ठेवा आणि उरतील त्यातूनच डाळ घ्या.

आमचे काम आता लहानच आहे, पण सुरळीत चालते. वहिनींच्या मुलीची पुढच्या वर्षीची फी वहिनींनी स्वतःच्या मजुरीतूनच भरली, आणि मजुरी मागायला त्यांना माझ्या दारात यावे लागले नाही.