मेल आलाय, पण उघडत नाही

"मॅडम, मेल आलाय, पण उघडत नाही."

विवरणपत्रांचा हंगाम सुरू झाला की कराडमधल्या माझ्या ऑफिसात हे वाक्य सतत कानावर पडतं. मी कर सल्लागार आहे, पण हल्ली कागद बघण्याआधी अशिलाचा फोन हातात घ्यावा लागतो. कधी निवृत्त शिक्षक असतात, कधी मेडिकल दुकानदार, कधी पेन्शनवाल्या काकू. फोन टेबलावर ठेवतात. पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, विषयाची ओळ दिसते, मजकुराच्या जागी नुसतं गोल चक्र फिरत असतं. मग आवाज खाली आणून म्हणतात, "आम्हाला यातलं काही कळत नाही हो." हे ऐकलं की मला राग येतो. राग त्यांचा येत नाही. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाला असं वाटायला लावणाऱ्या व्यवस्थेचा येतो.

हे मेल साधेसुधे नसतात. विवरणपत्र सदोष ठरलं तर प्राप्तिकर खात्याची नोटीस मेलवर येते आणि दुरुस्तीला १५ दिवस मिळतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम १३ सांगतं की, दोन्ही बाजूंत वेगळं काही ठरलेलं नसेल तर, संदेश स्वीकारण्यासाठी तुम्ही जी यंत्रणा नेमून दिली तिच्यात तो शिरला, की तो तुम्हाला मिळाला. तुम्ही तो उघडलात का, वाचलात का, तुमच्या फोनवर तो दिसला का, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही. म्हणजे इकडे चक्र फिरत असतं आणि तिकडे मुदतीचे दिवस सरत असतात.

चक्र का फिरतं, ते समजायला अवघड नाही. फोनवरचं मेलचं अ‍ॅप आधी यादी आणतं: नाव, विषय, मजकुराची पहिली ओळ. पूर्ण मजकूर आणि जोडलेली फाईल पुष्कळदा नंतर, तुम्ही बोट लावल्यावर, सर्व्हरकडून मागवली जाते. तेवढ्यात काही अडलं की बाहेर नाव दिसतं आणि आत काही नसतं. मेल हरवलेला नसतो, तो सर्व्हरवर सुखरूप असतो. म्हणून मी पहिल्यांदा अ‍ॅप बाजूला ठेवते आणि ब्राउझरमधून तेच खातं उघडून बघते. तिथे मेल उघडला तर दुखणं फोनमध्ये आहे. तिथेही उघडला नाही तर नेट तरी बघायचं, नाहीतर सेवाच बंद आहे का ते बघायचं. १४ डिसेंबर २०२० रोजी गूगलच्या सेवा जगभर पाऊण तासाच्या आसपास ठप्प होत्या. अशा वेळी हातातला फोन कितीही चाळवला तरी उपयोग शून्य. सेवा सुरू आहे की नाही हे दाखवणारं पान गूगलच चालवतं. ते आधी बघावं.

गेल्या हंगामात एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. खात्याकडून मेल आल्याचा एसएमएस होता, मेल यादीत दिसत होता, उघडत नव्हता. मोबाईलच्या दुकानात दाखवून झालं होतं आणि "रिसेट मारू" असा सल्लाही मिळाला होता. सुदैवाने सरांनी तो ऐकला नव्हता. ब्राउझरमध्ये मेल उघडला. मग मी फोनची मेमरी बघितली, तर ती काठोकाठ भरलेली. वर्षानुवर्षांच्या शुभ सकाळ, सणांच्या शुभेच्छा, नातवाचे व्हिडिओ, आणि गावच्या ग्रुपवर आलेलं सगळं. फोनमध्ये जागाच उरली नसेल तर मेल अ‍ॅप नवं काही उतरवून घेत नाही. नातवाचे व्हिडिओ आम्ही आधी संगणकावर घेतले, मग व्हॉट्सअ‍ॅपमधल्या मोठ्या फाईलींची यादी काढून नको ते उडवलं, फोन बंद करून चालू केला. मेल उघडला.

तरी काम संपलं नव्हतं. आतली पीडीएफ पासवर्ड मागत होती. हा पासवर्ड म्हणजे पॅन आणि जन्मतारीख, पण पॅनची अक्षरं लहान लिपीत टाकायची. कार्डावर ती मोठ्या लिपीत छापलेली असतात, म्हणून सर कार्ड समोर ठेवून अगदी काळजीपूर्वक मोठी अक्षरं टाकत होते आणि फोन दर वेळी पासवर्ड चुकीचा म्हणत होता. पासवर्ड कसा टाकायचा ते मेलच्या मजकुरात लिहिलेलं होतं, इंग्रजीत. ज्यांचा मेलच उघडत नव्हता त्यांनी ते वाचायचं कसं? सरांनी चाळीसच्या वर्गाला व्याकरण शिकवलेलं आहे. त्यांना "मला जमत नाही" म्हणायची पाळी आली, हे मला अजून सहन होत नाही.

मेमरी भरली आहे हे फोनला ठाऊक होतं. पासवर्ड बदलला असेल तर सर्व्हर ते अ‍ॅपला स्पष्ट कळवतो. सिंक बंद असेल तर ते अ‍ॅपच्याच सेटिंगमध्ये नोंदलेलं असतं. तरी पडद्यावर काय येतं? "काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा." कारण माहीत असून ते न सांगणं ही ग्राहकाची फसवणूकच आहे, असं माझं मत आहे. "फोनमध्ये जागा नाही, म्हणून हा मेल उतरला नाही" एवढं एक वाक्य मराठीत दाखवायला कुठलं नवं संशोधन लागत नाही.

काही वेळा चूक थेट बनवणाऱ्यांची असते. मेल म्हणजे आतून एक वेबपानच असतं आणि अँड्रॉइडवर ते दाखवायचं काम 'सिस्टम वेबव्ह्यू' नावाचा भाग करतो. मार्च २०२१ मध्ये, वर्षअखेरीच्या ऐन धांदलीत, त्या भागाचं सदोष अपडेट आलं आणि जीमेलसह कितीतरी अ‍ॅप्स उघडताच बंद पडू लागली. तो भाग आणि क्रोम पुन्हा अपडेट केल्यावर ती सुरळीत झाली. सामान्य माणसाने 'वेबव्ह्यू' हा शब्द ऐकलेला असावा, अशी अपेक्षा कुणी धरू नये.

व्यावसायिकांकडे वेगळाच घोळ असतो. आमच्या एका हॉटेलवाल्या अशिलांचा मेल स्वतःच्या डोमेनवर आहे. काउंटरवरचा संगणक पॉप पद्धतीने मेल उतरवून घ्यायचा आणि सर्व्हरवरून काढून टाकायचा. मालकांच्या आयफोनवर मग "हा संदेश सर्व्हरवरून डाउनलोड झालेला नाही" एवढंच दिसायचं. सर्व्हरवर काही उरलेलंच नव्हतं, तर डाउनलोड होणार कुठून? मेल सर्व्हरवरच राहू देणारी आयमॅप पद्धत दोन्हीकडे लावली आणि प्रश्न मिटला.

जीमेलची १५ जीबी जागा भरली तर मात्र प्रकार निराळा. तेव्हा नवा मेल येतच नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजवर चढवलेले नवे फोटोही त्याच १५ जीबीत मोजले जातात, म्हणून ती पुष्कळांची नकळत भरते.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. मेल उघडत नाही म्हणून फोनवरून खातं काढून टाकू नका. खातं काढून पुन्हा जोडणं हा उपाय आहे खरा, पण तो शेवटचा, आणि पासवर्ड हाताशी असेल तरच. आपल्याकडे नवा फोन घेतला की दुकानदारच नवा जीमेल काढून देतो. पासवर्ड त्याने ठरवलेला, आणि पर्यायी नंबर कधी त्याचा, कधी बंद पडलेल्या सिमचा. तोच पत्ता पुढे पॅनला, बँकेला, विम्याला जोडला जातो. असं खातं एकदा फोनवरून निघालं की परत आत शिरायची वाट बंद होते, आणि नोटिसा मात्र तिथेच जात राहतात. आजच आपल्या खात्याचा पासवर्ड आणि पर्यायी नंबर तपासा. बदलायचा असेल तर खातं फोनवर चालू आहे तोवर बदला. प्राप्तिकराच्या बाबतीत मेलवर विसंबूही नका. ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन केलं की प्रलंबित नोटीस तिथेही दिसते.

माझं खरं गाऱ्हाणं मेल पाठवणाऱ्या कार्यालयांकडे आहे. कागद वाचवावा, टपालखर्च वाचवावा, त्याला माझी हरकत नाही. पण कित्येक बँका आणि कंपन्या अख्खा मजकूर एका चित्रात भरून पाठवतात. नेट मंद असलं किंवा अ‍ॅपमध्ये चित्रं आपोआप दाखवणं बंद असलं की समोर कोरं पान येतं. पाठवणाऱ्याच्या दफ्तरात मात्र "कळवलं" अशी नोंद पक्की. कायद्याने पोचपावतीचा क्षण त्यांच्या सोयीचा ठरवून दिला आहे. निदान मजकूर तरी वाचणाऱ्याच्या सोयीचा असावा.

म्हणून सरकारी खाती, बँका, विमा कंपन्या, सगळ्यांना माझी विनंती आहे: नोटीस कशाबद्दल आहे, शेवटची तारीख कोणती आणि फाईलचा पासवर्ड कसा टाकायचा, हे मेलच्या पहिल्या दोन ओळींत, साध्या अक्षरांत आणि मराठीत लिहा. तीच तारीख एसएमएसनेही कळवा. आणि मेल उघडत नसल्याचं एखाद्याने पडद्याच्या फोटोसह मुदतीत कळवलं, तर त्याला मुदत वाढवून द्या.