पर्समध्ये काय ठेवू, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

मैत्रिणींनो,

या पानावर कुकरची रिंग, लोणच्यावरची बुरशी, सासू-सुनेचं न पटणं, असे प्रश्न नेहमीच येतात. या वेळी मात्र एक पत्र मला दोनदा वाचावं लागलं. लिहिणाऱ्या भगिनीचा हायवेवर पेट्रोल पंप आहे. यजमानांची बायपास झाली, तेव्हापासून रोजची रोकड बँकेत भरायचं काम तिच्याकडे आलं. गेल्या दोन महिन्यांत दोनदा मोटारसायकलवरून तिचा पाठलाग झाला. ती लिहिते, "ताई, हसू नका. पोलिसांत कळवलं आहे, आणि आता शस्त्राच्या लायसनसाठी अर्जही करायचा आहे. यजमान म्हणतात, पिस्तूलच घेऊ, गोळ्या जास्त बसतात, शिवाय मलाही वापरता येईल. भाऊ म्हणतो, रिव्हॉल्व्हर बरं. मिक्सर घेताना तुम्ही जसं समजावून सांगता, तसं सांगा."

हसले नाही, बाई. माझे धाकटे दीर सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याकडे तुमचं पत्र घेऊन गेले. ते मला रायफल क्लबवर घेऊन गेले, दोन्ही शस्त्रं रिकामी करून टेबलावर मांडली आणि म्हणाले, "वहिनी, आधी हातात घेऊन पाहा, मग लिहा." तेच लिहिते आहे.

आधी ओळख करून घेऊ. रिव्हॉल्व्हरमध्ये एक चक्री असते. तिच्यात बहुधा सहा घरं आणि प्रत्येक घरात एक काडतूस. चाप ओढला की चक्री एक घर पुढे सरकते आणि गोळी सुटते. पिस्तुलात मुठीच्या आत मॅगझिन बसतं, म्हणजे काडतुसांची उभी पेटी. त्यात सात-आठ काडतुसं मावतात. वरचा लोखंडी भाग, त्याला स्लाइड म्हणतात, तो एकदा मागे ओढून सोडला की पहिलं काडतूस नळीत चढतं. पुढे प्रत्येक गोळीनंतर दुसरं काडतूस आपोआप चढतं, पण गोळी सुटायला चाप दर वेळी ओढावाच लागतो. सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात ते हेच.

आपल्याकडे फौजेच्या नि पोलिसांच्या मापाची, म्हणजे ९ मिलिमीटर किंवा .३८ ची शस्त्रं सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. म्हणून बहुतेकांची निवड .३२ मध्येच होते. यात एक खोच आहे. रिव्हॉल्व्हरचं .३२ काडतूस आणि पिस्तुलाचं .३२ काडतूस एक नव्हे. आकडा तोच, पण एकाचं दुसऱ्यात चालत नाही. दुकानात शस्त्राचा प्रकार सांगूनच काडतुसं मागावीत.

आता हाताची गोष्ट. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी मागे न ओढता नुसता चाप ओढला, तर तो चांगलाच जड लागतो. जुना, घट्ट झालेला गॅसचा लायटर आठवा, त्याच्याही दुप्पट. दोन-तीनदा ओढला की बोट थरथरतं आणि नेम हलतो. पण याच जडपणामुळे चुकून चाप ओढला जाण्याची भीती कमी. पिस्तुलाचा चाप पुष्कळदा हलका असतो, पण स्लाइड मागे ओढायला मनगटात जोर हवा. चकलीचा सोऱ्या दाबताना ज्यांचा हात भरून येतो, त्यांनी दुकानात स्लाइड स्वतः ओढून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. मला तिसऱ्या खेपेला जमलं. दीर म्हणाले, "हे भीतीने हात गार पडलेले असताना जमलं पाहिजे." तिथे मी गप्प बसले.

काडतूस फुसकं निघालं तर? रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात स्लाइड ओढून ते काडतूस बाहेर टाकावं लागतं. शिवाय मनगट सैल राहिलं तर पिस्तूल मध्येच अडकतं. खटका असेल, म्हणजे सेफ्टी, तर तो आयत्या वेळी काढायची आठवणही हवी. हे सगळं सरावाने अंगवळणी पडतं, यात शंका नाही. पण तो सराव महिन्या-दोन महिन्यांनी क्लबवर जाऊन करायला हवा. लग्नाच्या शालूसारखं कपाटात ठेवून दिलेलं पिस्तूल आपल्याच जिवावर उठतं.

माझ्या मते सर्वांत मोठा फरक पुढेच आहे. शस्त्र भरलेलं आहे की रिकामं, हे कसं कळणार? रिव्हॉल्व्हर उघडलं की सहाही घरं डोळ्यांना दिसतात. पिस्तुलाचं तसं नाही. मॅगझिन काढलं, पेटी हातात आली, की माणसाला वाटतं झालं रिकामं. पण नळीत चढलेलं एक काडतूस तिथेच असतं. सिलिंडर काढला तरी रबरी नळीत गॅस उरतो ना, तसं. "रिकामं आहे" म्हणून पुसायला घेतलेली पिस्तुलं सुटतात ती अशी. मॅगझिन काढल्यावर स्लाइड मागे ओढून आत बोट घालून पाहायचं, आणि हे दर वेळी करायचं.

आता पर्सबद्दल. अमेरिकेत कित्येक बायका शस्त्र पर्समध्ये बाळगतात, त्यासाठी वेगळा कप्पा असलेल्या पर्सही तिथे मिळतात. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यात एक तरुण आई अशीच पर्स घेऊन मुलांबरोबर दुकानात गेली होती. पर्स नाताळची भेट म्हणून आलेली, आत सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल. सामानाच्या ढकलगाडीत बसलेल्या तिच्या दोन वर्षांच्या मुलाने पर्समध्ये हात घातला, गोळी सुटली आणि आई जागीच गेली. ती लायसनधारक होती, शस्त्रांना सरावलेलीही होती. आता आपली पर्स आठवा. नात गोळ्या-बिस्किटं शोधते, यजमान सुटे पैसे काढतात, बँकेत ती काउंटरवर ठेवून आपण फॉर्म भरतो. म्हणून रिव्हॉल्व्हर असो की पिस्तूल, ते चाप पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये आणि अंगावर हवं. साडीवर ते नीट बसत नाही. रोकड नेताना सलवार-कमीज किंवा वर जाकीट घाला. आपल्या २०१६ च्या शस्त्र नियमांनुसारही सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावं लागतं. घरी आल्यावर ते कुलपात जायला हवं, आणि किल्ली तुमच्याच कमरेला.

वजनाचंही सांगते. २०१४ साली कानपूरच्या आयुध कारखान्याने बायकांना डोळ्यांसमोर ठेवून 'निर्भीक' हे रिव्हॉल्व्हर काढलं. ते सुमारे अर्धा किलो भरतं. २०२३ साली तिथलंच 'प्रबल' आलं, ते साधारण सातशे ग्रॅम. हलकं तेवढं चांगलं असं वाटतं, पण हलकं शस्त्र हाताला झटका जास्त देतं. भाजीची पिशवी उचलतो तसं केवळ वजन बघून निवडू नका.

आता यजमानांच्या त्या "मलाही वापरता येईल" या वाक्याकडे वळते. राग मानू नका, पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. लायसन म्हणजे रेशनकार्ड नव्हे, सगळ्या घराला मिळून एक. ते ज्याच्या नावावर, शस्त्र त्याच्याच हातात. दुरुस्तीला किंवा लायसनच्या नूतनीकरणाला नेण्यासारख्या थोड्या कामांपुरती कायद्यात सवलत आहे, बरोबर घेऊन फिरायला नाही. तुमच्या नावावरच्या शस्त्राचं काही बरंवाईट झालं, तर पोलीस तुमच्या दारी येतील. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणून काही घरांत तिसरं बायकोच्या नावावर चढवण्याचा मोह होतो. तुमच्याकडे तसं नसेलही. पण अर्जावर सही करण्याआधी यजमानांना समोर बसवून विचारा, हे शस्त्र कोणासाठी? अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, शहरात आयुक्तालय असेल तर पोलीस आयुक्तांकडे. सुरक्षिततेचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. ते तुम्ही स्वतः घ्या, कोणाकडून सर्टिफिकेट आणवू नका.

आणखी एक, आणि हे सगळ्याच मैत्रिणींसाठी. घरात दारू असेल, हात उगारण्याची सवय असेल, कोणी फार दिवस उदास, अबोल असेल, तर तिथे कोणतंच शस्त्र नको. चोर येईल तेव्हा येईल, घरातलं माणूस रोज घरातच असतं.

आता माझं उत्तर. तुम्ही स्वतः लिहिलंय की सरावाला सवड मिळणार नाही आणि संधिवाताने बोटं आखडतात. तर भावाचं ऐका, रिव्हॉल्व्हर बघा. मात्र त्याचा जड चाप आधी स्वतः दहा वेळा ओढून पाहा. तोही झेपला नाही तर निमूटपणे परत या, त्यात कमीपणा नाही. सराव करणारी, मनगट घट्ट असलेली बाई असती, तर मी पिस्तुलाला नाही म्हटलं नसतं. आणि लायसन येईपर्यंत, आल्यावरही, रोकड नेण्याची वेळ नि रस्ता बदलत राहा, पंपावरचा एक माणूस बरोबर घ्या, जमलं तर रोकड न्यायला बँकेची गाडीच बोलवा. पैशांची पिशवी मागितली तर देऊन टाका. पैसे पुन्हा मिळतील. शस्त्र पैशांसाठी नाही, जीव जायची पाळी आली तरच.

काय ठरलं ते मला जरूर कळवा. पुढच्या अंकात कुरडया तळताना का फुटतात, या आलेल्या अकरा पत्रांना एकदमच उत्तर देते.

तुमची,
ताई