डोहांतील मासे

शिमगा सरला कीं वरच्या अंगास काजळी नदीची धार तुटत जाते. पाणी उरतें तें डोहांत, आणि मासेही तेथेंच अडकतात. गळ टाकून बसणाऱ्याशीं आमचें भांडण नाहीं. (आमच्या पंक्तीस मासा नाहीं, तेव्हां हें औदार्य स्वस्तच म्हणा!) परंतु जिलेटिनची कांडी फोडली किंवा विष कालविलें म्हणजे पिलांसकट सारा डोह मरतो, आणि खालच्या वाडीचीं गुरें त्याच पाण्यावर येतात. १८९७ सालींच कायद्यानें ह्या दोन्ही गोष्टी गुन्हा ठरविल्या. महाडनजीक वाळणकोंड येथें मात्र देवीच्या धाकानें महासीर मासे निर्धास्त असतात, भाविकांचे कुरमुरे खातात. आमच्या डोहास देवी नाहीं. यंदा पाळीपाळीनें राखण करावी, असें आम्हीं ग्रामसभेंत सुचविलें आहे.