हार नको, हिशेब द्या

मंडळी, पोस्ट मोठी आहे. काही जणांना झोंबेल. तरी शेवटपर्यंत वाचा, मग खाली काय बोलायचं ते बोला.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, आपल्या गावातल्या एका वाचनालयानं जुन्या रहस्यकथांवर कार्यक्रम ठेवला होता. गर्दी चांगली होती, हे आधीच कबूल करतो. एरवी साहित्याच्या कार्यक्रमाला आयोजक आणि त्यांचे नातेवाईक सोडले तर कुणी फिरकत नाही. इथं मागून खुर्च्या आणाव्या लागल्या. फ्लेक्सवर बाबूराव अर्नाळकर, सुहास शिरवळकर, गुरुनाथ नाईक यांचे फोटो. दीपप्रज्वलन झालं, हार झाले. बाहेरगावच्या वक्त्यांनी झुंजार, काळापहाड, दारा बुलंद, कॅप्टन दीप यांच्या आठवणी काढून तासभर सगळ्यांना शाळेच्या दिवसांत नेऊन आणलं. आणि दारातल्या टेबलावर एक कागद चिकटवलेला होता : 'क्यूआर कोड स्कॅन करा, १५० रहस्यकथा मोफत मिळवा.'

लोक रांग लावून स्कॅन करत होते. मीही केलं.

तिसऱ्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. वय ८२. नाव लिहायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे, म्हणून आपण त्यांना तात्या म्हणू. तात्यांनी नोकरी सांभाळून चाळीसच्या वर पॉकेटबुकं लिहिली, तीन वेगवेगळ्या नावांनी. त्यातलं एक नाव त्यांचं नव्हतंच, प्रकाशकानं ठरवलेलं होतं. त्या नावाखाली आणखी कोण कोण लिहायचं, हे तात्यांना आजही माहीत नाही. एका पुस्तकाचे तीनशे रुपये, एकदाच. करार नाही, कागद नाही. हस्तलिखित रजिस्टर पोस्टानं पाठवायचं आणि मनिऑर्डर आली की समजायचं, पुस्तक निघालं.

कार्यक्रमात त्यांना कुणी ओळखलं नाही. मी स्कूटरवरून घरी सोडायला गेलो, तर वाटेत म्हणाले, "अरे, त्या दीडशेत माझी चार आहेत." कसं कळलं म्हणून विचारलं. "शेजारच्या पोरानं यादी दाखवली ना. एकावर तर कुणाचंच नाव नाही." मग घर येईपर्यंत गप्प. उतरताना विचारलं, "किती जणांनी नेली रे? समजेल का?"

चाळीस पुस्तकं लिहिलेल्या माणसाला आपल्या एकाही पुस्तकाच्या किती प्रती निघाल्या हे कधी कुणी सांगितलेलं नाही. ते विचारत होते, किती जणांनी नेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात तीन कॉलमी बातमी आली : 'रहस्यकथांच्या आठवणीत रसिक दंग'. त्यात क्यूआर कोडचा उल्लेख 'स्तुत्य उपक्रम' असा होता. बातमी माझी, शब्दही माझेच. तात्यांशी बोलून घरी आलो आणि तरीही तेच लिहिलं, कारण बातमीचा साचा हाताला बसलेला असतो. ही पोस्ट म्हणजे त्या बातमीचं प्रायश्चित्त समजा.

आता मुद्द्यावर येतो.

मराठी माणसाला वाचायची चटक कुणी लावली? मोठमोठ्या भाषणांत जी नावं घेतली जातात ती आदरणीय आहेतच. पण कंडक्टर, गिरणी कामगार, वॉचमन, सातवीत शाळा सुटलेला पोरगा, दुपारी काम उरकून बसलेली बाई, यांच्या हातात पुस्तक दिलं ते रहस्यकथाकारांनी. अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६-१९९६). या एका माणसानं हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांचीही गणती हजारावरच होते. शिरवळकर आज 'दुनियादारी'मुळे माहीत आहेत, पण वाचकांनी त्यांना आधी ओळखलं ते दारा बुलंद, बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी यांच्यामुळे.

ही पुस्तकं विकत घेणारे थोडे आणि भाड्यानं नेणारे जास्त. चार आणे, आठ आणे देऊन एक प्रत पन्नास-शंभर हातांतून फिरायची, पानं सुटेपर्यंत. दर फेरीला लायब्ररीवाल्याला पैसे मिळाले. प्रकाशकानं पुन्हा छापलं तर त्याला मिळाले. ज्याच्या डोक्यातून गोष्ट निघाली त्याला मात्र पहिल्या दिवशी मिळाले तेवढेच. धंद्याची रीतच तशी होती.

इथं लगेच एक शहाणा प्रश्न येतो : "पण त्या लेखनाचा दर्जा काय होता?" बरोबर आहे. बरंचसं घाईत लिहिलेलं होतं. परदेशी कथानकांवर बेतलेलंही पुष्कळ होतं. मी स्वतः शेवटची चार पानं वाचून "हॅ!" करून फेकलेली पुस्तकं आहेत. पण ठोक रक्कम देऊन पुस्तक घ्यायचं म्हटल्यावर लेखकापुढे मार्ग कोणता उरतो? चांगलं लिहिलं काय नि वाईट लिहिलं काय, पैसे तेवढेच. वर्षभर एकाच पुस्तकावर बसला तर उपाशी मरेल, महिन्याला दोन खरडली तर घर चालेल. आधी घाई करायला लावायची आणि मग घाई केली म्हणून नाक मुरडायचं, हा कुठला न्याय?

बंगालकडे बघा. शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश १९३२ पासून आणि सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ पासून बंगाली घरांत आहे. तिथं गुप्तहेरकथा मोठ्या लेखकांनी लिहिली, चांगल्या अंकांतून छापली, ती आजही सन्मानानं विकली जाते. तिथल्या वाचकाला ती आवडते म्हणून लाज वाटत नाही. आपल्याकडे पुस्तक उशीखाली आणि लेखक उंबऱ्याबाहेर. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद जयंत नारळीकरांना मिळालं, विज्ञानकथेचा मान झाला, आनंदच आहे. त्याच वर्षी, संमेलनाच्या आधी महिनाभर, गुरुनाथ नाईक गेले. रहस्यकथेसाठीच ओळखला जाणारा लेखक त्या खुर्चीत कधी बसलेला नाही. पण खुर्चीसाठी मी भांडत नाहीये. खुर्चीनं पोट भरत नाही.

मी भांडतोय हिशेबासाठी. आणि हिशेब मिळतो तो लेखक एकत्र आले तर.

लंडनमध्ये १९३० साली गुप्तहेरकथा लिहिणाऱ्यांनी 'डिटेक्शन क्लब' काढला. जी. के. चेस्टरटन पहिले अध्यक्ष, अगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स सदस्य. नव्या सदस्याला कवटीवर हात ठेवून शपथ घ्यावी लागायची, त्यात वाचकापासून महत्त्वाचा पुरावा लपवणार नाही असंही एक कलम होतं. गंमत वाटते. पण याच मंडळींनी मिळून एकेक प्रकरण लिहून कादंबऱ्या काढल्या आणि त्या पैशातून क्लबसाठी जागा मिळवली. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या रहस्यलेखकांनी संघटना काढली. तिचं ब्रीदवाक्य असं, की गुन्ह्यातून पैसा मिळत नाही, म्हणजे पुरेसा मिळत नाही! १९४७ मध्ये, युद्धात बेचिराख झालेल्या जपानमध्ये एदोगावा रांपो यांनी तिथल्या लेखकांना एकत्र आणलं. १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये जॉन क्रीझी यांनी गुन्हेकथालेखकांची संघटना उभी केली. हे क्रीझी म्हणजे त्यांचे अर्नाळकरच म्हणा. वेगवेगळ्या टोपणनावांनी सहाशेच्या वर पुस्तकं लिहिलेला माणूस. तिथं भरमसाट लिहिणारा संघटना काढतो. आपल्याकडे तात्यांना आपल्याच टोपणनावाचे भाऊबंद माहीत नाहीत.

आता ग्रंथालयाचं ऐका. ग्रंथालयातून पुस्तक नेलं की लेखकाला काही मिळावं, ही व्यवस्था डेन्मार्कनं १९४६ मध्ये आणली. ब्रिटनमध्ये जॉन ब्रॉफी या लेखकानं १९५१ मध्ये सुचवलं, की पुस्तक नेताना वाचकानं एक पेनी द्यावी, ती लेखकाला मिळावी. हसले लोक. पुढे त्याची मुलगी ब्रिजिड ब्रॉफी आणि मॉरीन डफी यांनी लढा चालू ठेवला. १९७९ मध्ये कायदा झाला, १९८४ मध्ये पहिले पैसे वाटले गेले. पैसे वाचकानं नव्हे, सरकारनं दिले. सगळ्या ग्रंथालयांची मोजदादही केली नाही, काही ठिकाणच्या नोंदींवरून अंदाज काढला आणि एका लेखकाला वर्षाला जास्तीत जास्त किती, याची मर्यादा घातली. म्हणजे सगळा पैसा मोठी नावंच घेऊन जातील, हीही भीती राहिली नाही.

आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. अ-ब-क-ड वर्ग आहेत, अनुदान आहे, तपासणी आहे. कोणतं पुस्तक कोणी, कधी नेलं, याची नोंद वाचनालयात रोज होते. लेखकाला द्यायला त्या नोंदीतून एक रुपया निघत नाही. निघावा अशी मागणीही कुणी जोरात करत नाही. ज्यांची पुस्तकं सगळ्यात जास्त फिरली, त्यांनीच ती आधी करायला हवी होती. पण त्यांची संघटना कुठं होती?

काही जण म्हणतील, "भाऊ, ही पुस्तकं बाजारात मिळतच नाहीत. पीडीएफ वाचली तर कुणाचं काय गेलं?" अर्धं खरं आहे. बरीच पुस्तकं मिळत नाहीत. याच वाचनालयानं काही वर्षांपूर्वी पॉकेटबुकांचे गठ्ठे रद्दीत घातले होते, तेही मला माहीत आहे. पण उरलेलं अर्धं असं : आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. अर्नाळकरांचे २०५६ अखेरपर्यंत, शिरवळकरांचे २०६३, नाईकांचे २०८१. तात्या तर जिवंत आहेत, रोज सकाळी बागेत फिरायला येतात. पीडीएफवर वाचणारे हजारो असतील, पण ते कुणाच्या मोजणीत येत नाहीत. मग प्रकाशक म्हणतो, मागणी नाही, आणि आपण म्हणतो, पुस्तक मिळत नाही. शिवाय ज्या दीडशेचा कोड लावला होता, त्यातली काही मी परवा शोधली. नव्या आवृत्त्या विकत मिळतात.

आता माझी स्वतःची गोष्ट. २००९ मध्ये मी एका दिवाळी अंकात एक रहस्यकथा लिहिली होती. मानधन म्हणून अंकाची एक प्रत मिळाली. तीन वर्षांपूर्वी मित्राच्या मुलानं मोबाईलवर एक ऑडिओ गोष्ट लावली, "काका, ऐका, भारी स्टोरी आहे." पाचव्या मिनिटाला मी म्हणालो, खुनी डेपोतला क्लार्क आहे. पोरगं चाट पडलं. अहो, त्या क्लार्कला मीच खुनी केला होता! खाली लिहिलेलं, 'लेखक : अज्ञात'. मी चॅनेलवाल्याला कळवलं, तर उत्तर आलं : "सर, तुमचीच कशावरून?" आयुष्यभर पुराव्यांच्या गोष्टी वाचल्या, लिहिल्या, आणि शेवटी माझ्याकडेच पुरावा मागितला गेला. अंकाच्या पानांचा फोटो पाठवला. गोष्ट निघाली नाही, माझी कमेंट तेवढी निघाली.

पण मीही धुतल्या तांदळाचा नाही. गावातल्या एका दिवाळी अंकाचं काम मी दोन वर्षं पाहिलं. जाहिरातदारांना पावत्या दिल्या, छापखान्याला चेक दिला, डीटीपीवाल्याला रोख दिली. लेखकांना 'आपले सहकार्य लाभले' असं पत्र दिलं.

म्हणून चार गोष्टी मागतो. मोठ्या नाहीत.

१. वाचनालयानं तो कोड काढावा. ज्यांच्या नव्या आवृत्त्या मिळतात त्या विकत घेऊन कपाटात ठेवाव्यात. पुढच्या कार्यक्रमात हारांचे पैसे वाचवून पुस्तकं घ्या.

२. वाचकांनी ग्रुपवर 'पीडीएफ आहे का' विचारण्याआधी 'पुस्तक मिळतं का' एवढं विचारावं.

३. गावातले दिवाळी अंकवाले, साप्ताहिकवाले, मीसुद्धा, यांनी लेखकाला एका कागदावर लिहून द्यावं : किती पैसे, किती काळासाठी, ऑडिओचे हक्क कुणाकडे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर झालेल्या करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. तात्यांसारख्या जुन्यांना हे उपयोगी नाही. आज लिहिणाऱ्या पोरांना आहे, म्हणून त्यांनी हे पाठ करावं.

४. रहस्यकथा, गूढकथा लिहिणारे आपल्या जिल्ह्यात दहा-बारा तरी आहेत. ओळखतो मी. एकदा भेटू या. शपथेला कवटी नसली तरी चालेल, चहा माझ्याकडून.

ग्रंथालयामागे लेखकाला पैसे देण्याचा कायदा मुंबईत व्हायचा तेव्हा होईल. ब्रॉफीची पेनी कायद्यात यायला अठ्ठावीस वर्षं लागली. पण कुणीतरी मागायला सुरुवात तर केली पाहिजे.

आणि हो, "मोजायचं कसं" असं कुणी म्हणू नका. ज्या पोरानं तो क्यूआर कोड बनवला, त्याच्या मोबाईलवर किती वेळा स्कॅन झाला ते दिसतं. काल त्याच्याकडे जाऊन आकडा घेतला. रविवारपर्यंत ३१७. संध्याकाळी तात्यांना सांगितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "एकाच वाचनालयात?"